रोज एक तांब्या निवडुंगाला

आधीच सांगून टाकतो, मला त्या निवडुंगाचा जीव घ्यायचा होता. तोही पाण्यानं. यंदाचा, म्हणजे त्र्याहत्तर सालचा उन्हाळा, सोलापूर शहर, नळाला दिवसाआड पाऊण तास करंगळीएवढी धार, आणि अशा दिवसांत मी एका झाडाला बुडवून मारायला निघालो होतो. तुम्ही म्हणाल, वेड लागलं असेल. वेड नव्हतं, हेवा होता. वेडा माणूस पाणी मोजत नाही, मी तांब्यातांब्यानं मोजत होतो.

निवडुंग आमच्या वरच्या खोल्यांत राहणाऱ्या मानसिंगरावांचा. हे बँकेत अधिकारी. बदली होऊन आले तेव्हा बायकोमुलं साताऱ्याला ठेवून आले होते आणि बरोबर आणलं होतं ते एवढंच: एक खाट, एक स्टोव्ह आणि निवडुंगाच्या एकेचाळीस कुंड्या. त्या वर चढवणाऱ्या हमालानं दुसऱ्याच खेपेला हात झटकत मला विचारलं की, साहेबांनी हे कशासाठी पाळलंय. मलाही तेच विचारायचं होतं, पण मी हमाल नसल्यामुळं मला विचारता आलं नाही.

आता यात हेवा वाटण्यासारखं काय, असं वाटेल. त्यासाठी कंपाउंडातली माझी जागा सांगितली पाहिजे. कचेरीत मी आवक-जावक कारकून. बारा वर्षांत मला तिथं 'शिक्का कुठाय' याखेरीज कुणी काही विचारलेलं नाही. पण कंपाउंडात मी झाडांमधला जाणकार होतो. एक मोगरा, एक गावठी गुलाब आणि दोन कर्दळी एवढ्या भांडवलावर. घरमालकीण गुरम्मा रोज सकाळी पूजेला माझ्या मोगऱ्याची चार फुलं न्यायच्या आणि जाताना, 'जोतीराम, हाताला गुण हाय तुझ्या,' असं म्हणायच्या. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायच्या, पण हे वाक्य नेहमी मराठीत असायचं. दिवसभर मला ते पुरायचं.

दुष्काळानं आधी मोगरा नेला. गुलाब संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते तोपर्यंत तग धरून होता, मग तोही गेला. कर्दळी कधी गेल्या ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आणि वर मानसिंगरावांच्या एकेचाळीस कुंड्या मात्र मजेत. काही गच्चीत उन्हात, काही गॅलरीत सावलीला, आणि नाजूक होत्या त्या खोलीत खिडकीपाशी आणि रेडिओवर. गृहस्थ दर रविवारी खोलीतली प्रत्येक कुंडी पाव फेरी फिरवून ठेवायचे, सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळावा म्हणून. दाढीच्या जुन्या ब्रशानं त्यांच्यावरची धूळ झटकायचे. आणि पाणी द्यायचे औषधाच्या चमच्यानं.

कंपाउंडातल्या बायका ते बघायला वर जाऊ लागल्या. आमच्या सोनाबाईही गेल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "किती समजूतदार झाडं आहेत हो. काही मागत नाहीत."

झाडाला समजूतदार म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती. खरं तर समजूतदार म्हणायचीच पद्धत नव्हती. लग्नाला बारा वर्षं झाली, मीही फारसं काही मागत नाही, पण तो शब्द माझ्या वाट्याला आलेला मला आठवत नाही.

माझी सगळी भिस्त कोंडीबाकाकांवर होती. हे माझे चुलते, मंगळवेढ्याला शेती. ते एसटीनं आमच्याकडं आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम अंगणात उभं करून वरच्या कुंड्या दाखवल्या. काकांनी कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाले, "जोत्या, आमी ह्यो बांधाला लावतो, जनावर आत येऊ न्हाय म्हनून. ह्यो बँकवाला कुनाला भितोय रं?" माझा ऊर भरून आला. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे त्या अमेरिकेतल्या जोंधळ्याची भाकरी मी त्या दिवशी आनंदानं खाल्ली, म्हणजे बघा. पण दुपारी मानसिंगरावांनी काकांना चहाला वर बोलावलं. तास झाला, दीड तास झाला, काका खाली येईनात. आले ते कौतुकानंच आले. तो मोठा गोल निवडुंग बघितलास का, म्हणाले, अकरा वर्षं पोटच्या पोरागत सांभाळलाय, अजून एक फूल न्हाय दिलं, तरी माणूस वाट बघतोय. आणि मग पायताण घालता घालता, "शीक की जरा त्याच्याकडनं."

आमच्या घराण्यात मला कुणीतरी शिकायला सांगितलं की त्याचा शेवट नेहमी दवाखान्यात होतो. याही वेळी साधारण तसंच झालं. मी सायकल काढली, कुंभारीच्या रस्त्याला गेलो, आणि बांधावरच्या फड्या निवडुंगाची दोन पानं तोडून पोत्यात गुंडाळून घेऊन आलो. फड्याचे मोठे काटे दिसतात, त्यांच्याशी माणूस जपून वागतो. पण त्यांच्या मुळाशी केसासारखी बारीक लव असते, ती दिसत नाही आणि सोडत नाही. घरी येईपर्यंत माझे दोन्ही तळहात पेटले होते. सोनाबाईंनी कणकेचा गोळा फिरवून काटे काढायचं ठरवलं, पण घरात पीठ होतं मिलोचं. ते भाकरीलाच धड चिकटून राहत नाही, ते काट्याला काय धरणार. मग त्या मला, माझा हात मनगटाला धरून, सगळ्या कंपाउंडासमोरून वर मानसिंगरावांकडं घेऊन गेल्या.

मानसिंगरावांकडं चिमटा होता, भिंग होतं, डिंक होता. त्यांनी माझे एकशे सहा काटे काढले. मोठ्यानं मोजत काढले. दारात उभ्या बायकाही पुढं पुढं मोजायला लागल्या. शंभरी पूर्ण झाली तेव्हा कुणीतरी हसलं, ती आमची असेल असं मी अजून म्हणत नाही. वर मानसिंगराव म्हणाले की निवडुंग कधी हातानं धरायचा नसतो, वर्तमानपत्राची जाड घडी घालून तिच्या पट्टीनं धरायचा असतो. हे त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं. उद्धट माणसाचा हेवा पचवता येतो, नम्र माणसाचा घशाशी येतो.

ती दोन पानं मी डालड्याच्या डब्यात लावली आणि हट्टानं रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांत त्यांचा चिखल झाला. मानसिंगरावांनी डब्यात डोकावून हळहळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जोतीरामराव, निवडुंग तहानेनं मरत नाही. लाडानं मरतो."

हे वाक्य त्यांनी माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको होतं.

एप्रिलच्या मध्याला बँकेनं त्यांना तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला धाडलं. जाताना त्यांनी खालचा शेजारी म्हणून किल्ली माझ्याच हातात दिली, आणि वहीची चार पानंही. प्रत्येक कुंडीला नंबर, प्रत्येक नंबराला सूचना. खोलीतल्या कुंड्या रविवारी फिरवाव्यात. गॅलरीतल्यांवर दुपारी पोतं टाकावं. आणि सात नंबरला, म्हणजे गच्चीतल्या त्या मोठ्या गोलाला, पाणी अजिबात देऊ नये, गेल्याच आठवड्यात महिन्याची एक वाटी झाली आहे. 'अजिबात'खाली दोन रेघा होत्या. मी म्हटलं, निर्धास्त जा. ते निर्धास्त गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी तांब्याचा तांब्या भरून गच्चीत जाऊ लागलो. बाकीच्या चाळीस कुंड्यांना मी बोट लावलं नाही, त्यांचं माझं काही भांडण नव्हतं. उलट रविवारी खोलीतल्या नेमानं पाव फेरी फिरवल्या. मला सडवायचा होता तो फक्त सात नंबर. काळपट हिरवा, भोपळ्याएवढा, उभ्या पन्हळी पडलेला, आणि डोक्यावर राखेसारखी पांढरी लव. मी त्याच्यासमोर उभा राहायचो, उन्हामुळं डोळे बारीक करायचो, आणि बारीक धारेनं तांब्या रिकामा करत मनातल्या मनात म्हणायचो, सड, सड. मनातल्या मनात असं मला वाटायचं. ओठ हलत होते हे नंतर कळलं.

आता पाणी आणायचं कुठून? घरातल्या पिंपाला हात लावला असता तर मीच आधी मेलो असतो. तेव्हा मी माझ्या अंघोळीतून कापलं. अर्धी बादली होती, तिची पाव झाली. सोनाबाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं की कोरडेच कसे बाहेर येता. मी म्हटलं, शेजाऱ्यानं विश्वासानं झाडं सोपवलीत, आपण एक तांब्या कमी अंगावर घेतला तर काय बिघडतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. त्या दिवशी आमटीत मला शेंगा जास्त आल्या.

पाचव्या दिवशी गुरम्मा गच्चीत आल्या. वाळवणाचं बघायला आल्या असाव्यात, पण मला बघून दारातच थांबल्या. त्यांना काय दिसलं असेल ते मी आता सांगू शकतो. पूर्वेकडं तोंड करून, डोळे मिटल्यासारखे करून, ओठ हलवत, दुष्काळात स्वतःच्या वाट्याचं पाणी काळ्या गोल पिंडीसारख्या एका वस्तूवर धारेनं सोडणारा भाडेकरू. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "येनु भक्ती री." म्हणजे, काय ही भक्ती.

मी घाईनं सांगितलं की गुरम्मा, हे झाड आहे, निवडुंग आहे, मानसिंगरावांचा. माझी दृष्टी अजून गेलेली नाही, झाड आहे हे मला दिसतं, असं त्यांनी मला ठणकावलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "झाड असू दे की. शिव कशातबी असतोय. तुझी भावना लई मोठी हाय, जोतीराम."

माझी भावना काय होती हे सांगायची ती वेळ होती. ती मी घालवली. मोगरा गेल्यानंतर चार महिन्यांनी त्या माझ्याशी तसं बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर गुरम्मा माझ्याआधी हजर. सात नंबरला विभूतीची तीन बोटं ओढलेली, काटे चुकवून. साठ वर्षांच्या सरावाचं काम, आमच्यासारख्याचं नव्हे. आणि वर तीन काठ्यांच्या तिवईवर बुडाला भोक पाडलेलं मडकं. वैशाखात महादेवावर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून गळती लावतात ना, ती. पाऊस पडत नाही तेव्हा देवाला पाण्यात ठेवायचं असतं, त्या म्हणाल्या, माझ्या माहेरी गाभारा उंबऱ्यापर्यंत भरायचे. त्या मडक्यात कंपाउंडातल्या प्रत्येक घरानं रोज एक तांब्या घालायचा असं त्यांनी ठरवलंसुद्धा होतं, आणि घरमालकिणीनं ठरवलेल्या गोष्टीला आमच्यात भाडेकरू हरकत घेत नाहीत.

मी हरखलो. सांगायला लाज वाटते, पण हरखलो. एका तांब्याचे सात तांबे झाले, वर दिवसभर गळती. दगडसुद्धा सडला असता. आणि खाली लोक मला 'जोतीरामभाऊ' म्हणू लागले. नळावर मला पहिला नंबर मिळू लागला. ज्या माणसाचा मी सूड घेत होतो त्याच्याच कुंडीवर माझी पत वाढत होती, याहून सोयीचा सूड मी ऐकलेला नाही.

अशा सुखात सरकारी माणूस येतोच. मागच्या कंपाउंडातल्या कुणीतरी अर्ज केला होता की टंचाईच्या काळात अमुक ठिकाणी गच्चीवर झाडांना रोज पाणी घातलं जातं. पाण्याचे निरीक्षक शिवशरण म्हणून होते, ते सायकलवरून आले, घाम पुसत वर चढले आणि मला नोटीस दाखवली. बागेला पाणी घालण्यास मनाई. माझं नाव त्यात टंकलिखित होतं. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या नोटिसांवर जावक क्रमांक टाकले, स्वतःचं नाव पहिल्यांदा बघितलं. क्षणभर बरं वाटलं.

मग लक्षात आलं की पाणी बंद झालं तर हा जगेल. आणि मी असा पेटलो, की तसा कचेरीत पेटलो असतो तर आज हेडक्लार्क असतो. मी म्हटलं, साहेब, बाग म्हणजे काय? कुंडी एक. पान नाही, फांदी नाही, फूल नाही, फळ नाही. याला बाग कोणत्या नियमानं म्हणता? शिवशरण विचारात पडले. त्यांनी विभूती बघितली, चप्पल काढली. मग कर्तव्य आठवलं असावं, कारण वस्तू दगडी आहे की कशी हे बघायला त्यांनी बोट लावलं. बोट तोंडात धरून त्यांनी दुसऱ्या हातानं अहवाल लिहायला घेतला. अक्षर वाकडं येत होतं म्हणून मजकूर मीच सांगितला:

'समक्ष पाहणी केली असता सदर वस्तूस पाने आढळून आली नाहीत. सदर वस्तू टोचते. पाने नसलेल्या वस्तूस झाड समजावे किंवा कसे, याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविण्यात येत आहे. तोपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.'

मार्गदर्शन यायला किमान सहा महिने लागतात, हे आवक-जावकवाल्याला सांगावं लागत नाही. थोडक्यात, सात नंबरचं पाणी आता सरकारमान्य झालं होतं. जाताना शिवशरणांनी आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मडक्यात ओतलं.

एकोणिसाव्या दिवशी मी वर्तमानपत्राची घडी घेऊन गच्चीत गेलो. त्या पट्टीनं सात नंबर जरा दाबून बघायचा होता, बुडाशी मऊ लागतो का ते. मऊ तर नव्हताच, उलट टणक आणि फुगलेला होता, पन्हळी भरून आल्या होत्या. आणि त्याच्या खांद्यावर, लवेतून वर, वीतभर लांब देठावर एक फूल उमललं होतं. फिकट गुलाबी, पसरल्या पंजाएवढं. चार दिवसांपूर्वी तिथं लवेचा एक गोळा वर आलेला दिसला होता, तो मला सडल्याचा फोड वाटला होता. एवढ्या टोचऱ्या प्राण्यानं एवढी मऊ गोष्ट कुठं ठेवली होती कुणास ठाऊक.

मी तिथंच खाली बसलो. अकरा वर्षं जे मानसिंगरावांना जमलं नाही ते मला जमलं होतं, आणि मला ते करायचं नव्हतं. त्यांची कुंडी होती वाळूची आणि विटांच्या चुऱ्याची, बुडाला चांगलं अंगठ्याएवढं भोक. आमच्या गच्चीतल्या उन्हात वरनं टाकलेलं पाणी एकतर खाली जायचं नाहीतर उडून जायचं. महिन्याची वाटी त्यांनी कुठल्यातरी ओल्या थंड मुलखातल्या पुस्तकात वाचली असणार. बिचारा अकरा वर्षं तहानलेला होता. माझ्या डालड्याच्या डब्याला भोक नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं. एवढं साधं.

दुपारपर्यंत जिन्यावर रांग लागली. मागच्या कंपाउंडातलेही आले, अर्ज करणारा त्यात असणारच. गुरम्मांनी नारळ फोडला. तो रिवाजाप्रमाणं दगडावर फोडला हे नशीब. प्रत्येकजण आधी फुलाला हात जोडायचा आणि मग मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फूल मिटून भिजल्या चिंधीसारखं लोंबत होतं. आणि अकराच्या सुमाराला मानसिंगराव नागपूरहून आले.

त्यांना गच्चीत जाण्याआधीच सातजणांनी फुलाचं वर्णन सांगितलं होतं. रंग कसा, पाकळ्या किती, मध्ये पिवळं काय होतं. ते हातात बॅग तशीच धरून सात नंबरसमोर उभे राहिले आणि त्या चिंधीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर नम्रपणाचा मागमूस नव्हता. जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण गेले चार महिने दाढी करताना मी तेच आरशात बघत होतो.

"किती पाणी घातलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. सगळं कंपाउंड जमलं होतं, तरी मी म्हटलं, मानसिंगराव, मी ते जगवायला नाही घातलं. मला तो सडवायचा होता. मला तुमचा हेवा वाटत होता.

आधी सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळे हसले. गुरम्मा म्हणाल्या, बघा, केवढं करून किती लपवतोय. कुणी म्हणालं, मोठी माणसं अशीच बोलतात. मानसिंगरावांनाही हसावं लागलं, दातांनी हसले. मी शपथ घेतली तेव्हा तर गुरम्मांनी डोळ्याला पदर लावला आणि निकाल देऊन टाकला, की ज्याच्या हातानं फुललं, त्याच्या दारात ते राहू दे. मानसिंगराव म्हणाले, अर्थात, अर्थात. पहिल्या 'अर्थात'ला त्यांचा आवाज फुटला.

एकट्या सोनाबाई हसल्या नव्हत्या. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, निदान तू तरी विश्वास ठेव.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "बारा वर्षांत तुम्ही कुणासाठी तांब्या उचललेला मी बघितला नाही."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"लोक चांगलं बोलत होते की तुमच्याबद्दल. कशाला मोडता घाला."

सात नंबर आता आमच्या दारात आहे. मी त्याला दहा दिवसांनी पाणी देतो, रविवारी दाढीच्या ब्रशानं झटकतो. खोटं कशाला बोलू, जीव जडला आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या खांद्यावर दोन नवे बारीक कोंब दिसले आणि मी त्याच दिवशी कुंडीला काळा दोरा बांधून बिब्बा अडकवला. आपल्याकडं लोकांच्या मनात काय असेल सांगता येत नाही.

आज सकाळी दार उघडलं तर मानसिंगराव पायरीवर उभे. अंघोळ केलेली दिसत नव्हती. हातात काठोकाठ भरलेला तांब्या. म्हणाले, जोतीरामराव, तुम्ही दमला असाल, आजपासून मी घालत जातो की पाणी. अतिशय नम्रपणे म्हणाले.

मी त्यांच्या हातातला तांब्या दोन्ही हातांनी काढून घेतला, आत नेला आणि पिंपात ओतला. मग कुंडीही उचलून घरात घेतली.